खळ्यावरचा रोलर

आमच्या मालकाची गाडी चिखलात रुतू नये म्हणून त्याच्या फार्महाऊसपर्यंत लांबलचक खडीचा रस्ता करायचा होता. यंत्रं ठरवायला मी महाळुंग्यातल्या एका भाडेवाल्याकडे गेलो. जेसीबी, डंपर त्याने लगेच दिले. रोलरला मात्र नकारार्थी मान हलवली.

"त्यो दुसऱ्याकडून घ्या, भाऊ. त्या रस्त्याच्या जागी आमचं खळं व्हतं. ज्वारी मळायचो. चपला घालून कधी पाय ठेवला न्हाई."

"मग जमीन विकलीत कशाला?"

"इकली, त्या पैशातच तर रोलर आला."

मला चीड आली. घेणाऱ्याची की विकणाऱ्याची, कळेना.

दुसऱ्याच्या रोलरने खडी दाबून झाल्यावर भाडेवाला आपला जेसीबी न्यायला आला. खळ्याच्या जागेपाशी सवयीने त्याने चपला काढल्या. दोन पावलं गेला, खाली बघितलं, आणि मागे येऊन त्या पुन्हा घातल्या.