हिरव्या शाईची पावती

परतूरच्या त्या जिनिंगच्या वजनकाट्यावर कडूबाला 'साहेब' म्हणणारी माणसं दिवाळी ते होळी एवढ्याच काळात भेटत. कापसाचा हंगाम संपला की तो पुन्हा वाटूरचा साधा कडूबा होई. बायको पुष्पाबाई त्याला दळणाचा डबा घेऊन गिरणीवर पिटाळी आणि तो मुकाट्यानं जाई. पण हंगामात काट्याच्या खिडकीशी ट्रॅक्टर येऊन थांबला आणि वरून कोणी 'साहेब, पावती' म्हणालं, की त्याची मान आपोआप ताठ होई.

तीस वर्षांपूर्वी तो टायपिंगची परीक्षा पास झाला होता आणि ते अजून कोणालाही विसरू देत नव्हता. सही तो हिरव्या शाईनं करी. मोठे अधिकारी हिरव्या शाईनं सही करतात, हे त्यानं कधीतरी तहसीलमध्ये पाहिलं होतं. प्रिंटरमधून पावती निघाली की तिच्यावर हिरवी, लांब शेपटीची सही झाल्याशिवाय ती खिडकीबाहेर जात नसे. मागं गाड्यांची रांग कितीही लागो.

काट्यावरचा कॉम्प्युटर कडूबासारखाच थकलेला होता आणि त्याच्यासारखाच ते कबूल करत नव्हता. सहा-सात वर्षांपूर्वी वीज पडली तेव्हा त्याचं मूळचं डिस्प्लेचं पोर्ट जळालं. दुरुस्तीवाल्या धम्मपालनं मग आत वेगळं ग्राफिक कार्ड बसवलं. तळहाताएवढी पट्टी, तिच्यावर आगपेटीएवढा पंखा. पडद्याची वायर तेव्हापासून त्या कार्डाला. जिनिंगमध्ये रुई हवेत उडतच असते, ती त्या पंख्यात जाई आणि पंखा दिवसभर घरघर करी. यंदा मात्र मशीन एकदम गप्प झालं होतं. कडूबा त्याचंही श्रेय घेई.

"बघा, कसं गुपचूप चालून राह्यलंय," तो ड्रायव्हरांना सांगे. "मशीनची नस वळखावी लागती."

जिनिंगमधले कामगारही त्याला साहेब म्हणत, एक कांताबाई सोडून. ती त्याला कडूबाभाऊ म्हणे. ती परतूरला दिलेली, पण तिचं माहेर वाटूरचं, आणि माहेरच्या गावचा माणूस म्हणजे भाऊ, मग तो कोणत्या का आळीतला असेना. तिच्या भावानं दिलेल्या तुरीच्या शेंगा कडूबा बसमधून आणून देई. तिनं बारा वर्षं आतल्या शेडमध्ये रुई झाडली आणि छातीत दमा भरून घेतला. दोन वर्षांपूर्वी कडूबानंच मॅनेजरकडे शब्द टाकला, तेव्हा तिला ऑफिस झाडायचं हलकं काम मिळालं. त्या साली भाऊबीजेला तिचा भाऊ आला नाही. तिनं ऑफिसातच, तिथल्याच रुईची वात वळून, कडूबाला ओवाळलं. ताटात घालायला काही नव्हतं म्हणून त्यानं खिशातला हिरवा पेन घातला. तो तिच्या नातीनं, आकांक्षानं, शाईचा शेवटचा थेंब संपेपर्यंत वापरला.

तर जानेवारीतला तो सोमवार. कापूस दाटून आलेला, ट्रॉल्या गेटबाहेर डांबरी रस्त्यापर्यंत. अकराच्या सुमारास पडद्यावर उभ्या रेघा आल्या, मग रंगीबेरंगी ठिपके, मग काळोख. कडूबानं मशीन बंद करून चालू केलं. आतून एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या ऐकू आल्या, पडदा काळाच. त्यानं कॉम्प्युटरच्या डब्यावर थाप मारली. वायरी हलवल्या. खिडकीबाहेर दहा-बारा डोकी जमली.

"काय साहेब, झोपलं का मशीन?" कोणीतरी विचारलं आणि बाकीचे हसले.

ते हसणं त्याच्या वर्मी लागलं. तेवढ्यात मॅनेजर राधेश्यामजी धावत आले.

"क्या हुआ कडूबा? गाड्या रस्त्यावर गेल्या. पोलीस येतील आता."

साधं 'मला माहीत नाही' एवढं म्हणायचं होतं. पण तीस वर्षं सगळं माहीत असलेल्या माणसाच्या तोंडून हे तीन शब्द निघेनात. दाराशी कांताबाई केरसुणी घेऊन उभी होती. कडूबाची नजर तिच्यावर गेली, आणि पुढचं वाक्य त्यानं विचार न करताच बोलून टाकलं.

"सकाळी बाईनं वलं फडकं मारलं टेबलावर. पाणी गेलं आत."

"म्या टेबल पुसला," कांताबाई म्हणाली. "डब्याला हात न्हाई लावला, भाऊ."

"मंग पाणी काय वरतून आलं?" कडूबा खिडकीतल्या माणसांना ऐकू जाईल असं बोलला. "शिकेल नसलं की असंच व्हतं. मशीन काय अन् चूल काय, सगळं सारखंच."

माणसं पुन्हा हसली, या वेळी कांताबाईला. कडूबाला तेवढ्यापुरतं बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगा.

राधेश्यामजींना निवाड्याला वेळ नव्हता. "बाई, तुम्ही उद्यापासून शेडमध्ये जा. ऑफिसात पाय ठेवायचा नाही." कांताबाईनं केरसुणी भिंतीला टेकवली आणि पदर सारखा करत बाहेर गेली. कडूबा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हातानं पावत्या लिहीत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मपाल नवं कार्ड घेऊन आला. अंगणात कांताबाई तोंडाला फडकं बांधून शेडकडे चालली होती.

"जय भीम, मावशी. आज तिकडं कुठं?"

"जय भीम, बाबा. काम हाय तिकडंच," ती म्हणाली आणि थांबली नाही.

धम्मपालनं डबा उघडला. आत रुईची गादीच तयार झाली होती. ब्रशनं ती झाडत तो म्हणाला, "काका, पाणी गेलं म्हणून फोन आल्ता. इथं तं ठिपकाबी न्हाई वलीचा."

"वाळलं असन," कडूबा म्हणाला.

धम्मपालनं कार्डाचा स्क्रू काढला, ते हळूच ओढून उजेडात धरलं आणि बोटानं पंखा फिरवून पाहिला. पंखा हलेना. पात्यांमध्ये काहीतरी घट्ट बसलं होतं. त्यानं चिमट्यानं ते ओढून काढलं. चार घड्या घातलेला कागद, उष्णतेनं कडा तांबूस पडलेल्या. त्यानं तो उलगडला आणि टेबलावर ठेवला.

पावती होती. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्याची, प्रिंट अर्धवट आल्यामुळं रद्द केलेली. खाली हिरवी, लांब शेपटीची सही.

कडूबाला सगळं लख्ख आठवलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गाड्या तुरळक असत आणि जेवण झालं की तो टेबलावर डोकं ठेवून अर्धा तास डुलकी घेई. पंख्याची घरघर झोपू देत नव्हती. एका दुपारी त्यानं डब्याची बाजूची पट्टी सरकवली, हाताशी पडलेल्या पावतीची घडी केली आणि पात्यांत खुपसली. गाढ झोप लागली. उठल्यावर काढू म्हणाला आणि तेवढ्यात एक टेम्पो आला. पुढं दोन महिने तो त्याच शांततेची बढाई मारत होता.

"पंखा बंद, मंग कार्ड तापून तापून गेलं," धम्मपाल हळू आवाजात म्हणाला. सहीबद्दल तो काही बोलला नाही. परतूरमध्ये ती सही कोणाची हे विचारायची गरज कोणालाच नव्हती.

दारातून राधेश्यामजींचा आवाज आला. "काय निघालं?"

धम्मपालनं कडूबाकडे पाहिलं. तो काही सांगणार नव्हता, सांगायचं तर कडूबानं, हे त्या नजरेत स्पष्ट होतं. बाहेर शेडच्या तोंडाशी कांताबाई रुई ओढत होती. मध्येच थांबून खोकत होती.

"जुनं झाल्तं," कडूबा म्हणाला. "कार्ड गेलं." आणि टेबलावरची पावती त्यानं मुठीत घेऊन खिशात घातली.

राधेश्यामजी गेले. धम्मपालनं मान खाली घालून नवं कार्ड खाचेत बसवलं, स्क्रू आवळला. मदत करतो म्हणून कडूबानं पडद्याची वायर लावली. मशीन चालू केलं तर पडदा काळाच.

"काका, तुम्ही जळालेल्या पोर्टात लावली," धम्मपाल म्हणाला. "कार्डाच्या पोर्टात लावा."

सात वर्षं तो रोज त्याच वायरीशेजारी बसत होता. वायर बदलली आणि पडदा उजळला. धम्मपालनं हत्यारं पिशवीत भरली. जाताना दाराशी थांबून एवढंच म्हणाला, "मावशीला दमा हाय, काका. तुम्हाला ठाव असनच."

नवा पंखा चांगला चालत होता. बारीक आवाज येत होता, सतत. त्या दिवशी दुपारी कडूबानं टेबलावर डोकं ठेवलं, पण झोप आली नाही. खिडकीत पावती मागणारा प्रत्येक माणूस 'साहेब' म्हणत होता आणि दर वेळी त्याला खिशातला कागद टोचत होता. लाज कशी असते हे त्याला माहीत होतं. परीक्षेत नापास झाल्याची, लग्नात जेवायला उशिरा बोलावल्याची. ही तसली नव्हती. ती लाज लोकांनी आणलेली होती. ही कोणालाच दिसत नव्हती, म्हणून दुसऱ्या कोणावर ढकलताही येत नव्हती.

घरी पुष्पाबाईनं धुण्यासाठी शर्ट ओढला तर तो जवळजवळ ओरडलाच, "खिशाला हात लावू नको." तिनं शर्ट तिथंच टाकला. भाकरी त्यानं अर्धी खाल्ली.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तो शेडमागच्या पाण्याच्या टाकीजवळ गेला. कांताबाई हातपाय धूत होती. भुवयांवर रुई बसल्यामुळं ती दहा वर्षांनी म्हातारी दिसत होती. बसमध्ये त्यानं वाटूरपासून परतूरपर्यंत वाक्यं जुळवली होती. ती सगळी पळाली.

"कांताबाई, ते पाणी नव्हतं," तो म्हणाला. "पंख्यात कागद व्हता. म्याच घातल्ता."

"ठाव हाय," ती म्हणाली.

"धम्मपालनं सांगितलं?"

"त्यो कामून सांगन? म्या पाह्यलं व्हतं. तुमी कागद घातला तव्हा म्या दारात झाडून राह्यले व्हते."

कडूबा म्हणाला, "मंग तव्हाच बोलायचं ना. परवा तरी बोलायचं."

"तव्हा वाटलं, मशीनला असंच करीत असतीन. तुमी शिकेल माणूस." तिनं पदरानं तोंड पुसलं. "अन् परवा बोलले असते तं तिथं कोण आयकणार व्हतं? वाटलं, भाऊ सांगन. आज न्हाई तं उद्या. काल दिसभर वाट पाह्यली. धम्मपाल गेला, मॅनेजर गेले, तुमी जेवायला बसले. मंग म्या वाट पाह्यची सोडली."

शिव्या दिल्या असत्या तर त्यानं खाली मान घालून ऐकल्या असत्या. ती फक्त हिशेब सांगितल्यासारखं सरळ बोलली, आणि खोकत खोकत शेडकडे गेली.

कडूबा तसाच काट्यावर आला. राधेश्यामजी खिडकीशी ड्रायव्हरांशी बोलत होते. कडूबानं खिशातली पावती काढून त्यांच्यासमोर धरली.

"हे निघाल्तं पंख्यातून. म्या घातल्तं, झोप लागंना म्हणून. कांताबाईचं काही न्हाई त्याच्यात. म्या खोटं बोललो."

हे तो मुद्दाम मोठ्यानं बोलला, परवाइतक्याच मोठ्यानं. मग त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर नऊ-दहा माणसं होती, पण त्यातलं एकही परवाचं नव्हतं. परवाची माणसं कापूस खाली करून आपापल्या गावी गेली होती, आणि 'बाईनं मशीनमध्ये पाणी घातलं' ही गोष्ट बरोबर घेऊन गेली होती. ती गावं कोणकोणती, तेही त्याला आठवेना. काट्यावर माणूस एकदा येतो आणि पावती घेऊन जातो. आजच्या माणसांना तो कशाबद्दल बोलतोय ते कळलंसुद्धा नाही.

राधेश्यामजी पावती पाहून हसले. "अरे, एवढंच ना? झोपेसाठी! बरं, मग सांग तिला, उद्यापासून ऑफिसात ये म्हणावं." आणि फोन कानाला लावून निघून गेले. दोन माणसांचं जे काही मोडलं होतं, ते त्यांच्यासाठी एवढ्यावर मिटलं.

गुरुवारी सकाळी कांताबाई ऑफिसात आली. कडूबा आधीच येऊन बसला होता. तिनं खाली झाडलं, खुर्च्या पुसल्या, खिडकीचे गज पुसले. मग फडकं घट्ट पिळून टेबल पुसायला घेतलं. एका कडेनं ती सरळ आली आणि कॉम्प्युटरपासून वीतभर अलीकडे तिचा हात थांबला. दुसऱ्या कडेनंही तसंच. मधल्या जागेवर रुईचा पांढरा थर तसाच राहिला.

"इथंबी पुसा की, कांताबाई," कडूबा म्हणाला. आवाज त्याला जमेल तेवढा मऊ केला होता.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "तेवढं तुमचं तुमी पुसा."

ती बादली घेऊन बाहेर गेली. त्याच्याकडून माहेरच्या तुरीच्या शेंगा मागवणारी, रुईची वात करून ओवाळणारी ती बाई त्याला आज पहिल्यांदा साहेब म्हणाली होती. खिडकीशी ट्रॅक्टर येऊन थांबला. वरून ड्रायव्हरनं हाक मारली, "साहेब, पावती." कडूबानं त्याला हातानंच थांबायची खूण केली, खिशातून रुमाल काढला आणि तेवढी जागा पुसायला लागला.