मामाचा तिसरा नंबर

माझ्या टेबलावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक झाली की समजायचं, फेब्रुवारी आला. मान वर केली की समोर काका उभे. हातात चहाचा मग, गळ्यातलं ओळखपत्र नेहमीप्रमाणे उलटं, आणि चेहरा असा गंभीर की वाटावं, सर्व्हर बंद पडलाय.

"थर्ड बेसचं काय करायचं?"

लंडनजवळच्या मेडनहेडमधल्या आमच्या ऑफिसात काका माझ्या शेजारी बसत. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा आमचा दोघांचा धंदा. ते मूळचे मिरजेचे, रेल्वेवाल्यांच्या घरातले. मी ठाण्याची. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना काका म्हटलं तेव्हा त्यांनी इकडेतिकडे बघून मला दटावलं, "ऑफिसात काका नको म्हणूस. एचआरला वाटेल, मी नात्यातली माणसं भरतोय." मी काकाच म्हणत राहिले आणि तेही ओ देत राहिले.

आता थर्ड बेस म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण ते मलाही काकांनीच शिकवलं. आमचं हेड ऑफिस अमेरिकेत. तिथली मंडळी दरवर्षी फँटसी बेसबॉल खेळत. म्हणजे खेळायचं कुणीच नाही; खऱ्या खेळाडूंमधून आपला कागदी संघ निवडायचा आणि ते मैदानात जे दिवे लावतील त्याचे गुण आपण मोजायचे. मार्चमधल्या एका रविवारी सगळे ऑनलाइन जमतात आणि पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलतात, तो ड्राफ्ट. त्याआधी प्रत्येकाने आपल्या पसंतीचा क्रम साइटवर लावून ठेवायचा. फार वर्षांपूर्वी तिकडे एक जागा रिकामी पडली आणि लंडन साइडचं कोणी आहे का अशी विचारणा झाली. हेड ऑफिसला नाही कसं म्हणायचं, म्हणून काका हो म्हणाले. संघाचं नाव ठेवलं मिरज जंक्शन. अमेरिकन लोकांना ते कधी धड म्हणता आलं नाही.

थर्ड बेस ही मैदानातली क्षेत्ररक्षणाची एक जागा. बाकीच्या जागांना माणसं पुष्कळ मिळतात, असं काकांचं म्हणणं. थर्ड बेसला मात्र चांगले पाच-सहा, आणि त्यांच्यानंतर एकदम दरी. आपल्या क्रिकेटमधल्या शॉर्ट लेगसारखी ती जागा, चेंडू अंगावर येतो. तिथे उभं राहून वर बॅटही चालवणारा माणूस विरळा. म्हणून शहाण्याने थर्ड बेसचा क्रम आधी लावावा, बाकीचं जग मागून. हे ते इतक्या पोटतिडकीने सांगत की बेसबॉलचा एकही सामना न बघता माझंही त्यावर मत तयार झालं होतं.

हा क्रम लावायला त्यांना सोबत असे ती मुलीची. ती तेव्हा शाळेत होती. स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप, बाप आकड्यांवरून क्रम लावणार आणि मुलगी चेहऱ्यांवरून. त्यात एक नवखा, दाट मिशीचा थर्ड बेसवाला होता. काकू पोळ्या करता करता डोकावल्या आणि म्हणाल्या, हा अगदी माझ्या भावासारखा दिसतो. झालं, त्या खेळाडूचं नाव मामा पडलं. आकड्यांप्रमाणे मामाची जागा यादीच्या तळाशी. पण काकूंनी लाटणं हातात ठेवूनच निकाल दिला, की पहिला-दुसरा नाही तर निदान तिसरा नंबर तरी माझ्या भावाला द्या. तेव्हापासून दर वर्षी काका मामाला तळाशी ढकलत आणि मुलगी त्याला उचलून तिसऱ्यावर आणून बसवी. त्या घरातला तो सणच होता.

काकू आजारी पडल्या तेव्हा मुलगी नॉटिंगहॅमला मेडिकलला होती. तिच्या परीक्षा चालू होत्या. काकांनी तिला कळवलं नाही. तुम्ही आम्ही सगळेच अशा घरांतून आलो आहोत. पेपर संपेपर्यंत आजोबा गेल्याचंसुद्धा मुलांना न सांगणारी माणसं आपण पाहिली आहेत. काकांनाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. फोनवर आई झोपली आहे, आई देवळात गेली आहे, असं सांगत राहिले. पेपर संपले आणि मुलगी घरी आली, तेव्हा काकू कुणाला ओळखत नव्हत्या. दोन दिवसांत गेल्या.

मुलगी बापाशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. ती नॉटिंगहॅमला परत गेली आणि तिथेच हॉस्पिटलात लागली. काकांनी हे मला एकदाच सांगितलं, थेम्सच्या काठाने जेवणाच्या सुट्टीत चालताना, आणि लगेच बदकांबद्दल बोलायला लागले.

पण मिरज जंक्शन दोघांच्या नावावर होतं आणि पासवर्ड तिने बदलला नव्हता. पुढच्या फेब्रुवारीत काकांनी सवयीने क्रम लावला, मामा तळाशी. सकाळी उघडून बघतात तर मामा तिसऱ्यावर.

त्या दिवशी टकटक झाली ती माझ्या लक्षात आहे. काका वाकून, कुणी ऐकेल की काय अशा दबक्या आवाजात म्हणाले, "आली होती."

मग ते दर वर्षीचं झालं. काका क्रम लावत, एक-दोन दिवस कामात लक्ष नसे, आणि मग एका सकाळी टकटक. "आली होती." घरात पाहुणी येऊन चहा पिऊन गेल्यासारखे ते दिवसभर खुशीत असत. फोन का नाही करत, मी विचारलं. म्हणाले, फोन केला तर हेही यायचं बंद होईल.

शंका घेणं हा आमचा धंदा, म्हणून मी एकदा बोलले. क्रम लॉक केला नाही तर ती साइट रोजच्या आकड्यांप्रमाणे तो आपोआप बदलते. कदाचित साइटच करत असेल.

काका हसले. "साइट आकडे बघते. आकडे बघणारं कुणी मामाला तिसरा ठेवील का? तो काय खेळतो ते तू पाहिलं नाहीस."

मामा खरंच भयंकर खेळायचा. त्याच्यापायी मिरज जंक्शन दर वर्षी शेवटून पहिलं येई आणि अमेरिकेतून टिंगलीच्या ईमेल येत. ड्राफ्टच्या आधी त्याला पुन्हा खाली सारणं काकांच्या हातात होतं. ते क्रम लॉक करून म्हणत, "तिने ठेवलाय तर राहू दे." आणि दर वर्षी भलभलते चांगले खेळाडू सोडून मामाला उचलत. मला राग यायचा. एवढा हुशार माणूस, आणि पोरीशी बोलायला त्याला तिसऱ्या देशातला मिशीवाला लागावा.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत टकटक झालीच नाही. काका हॉस्पिटलात होते. मी भेटायला गेले. डॉक्टरांनी त्यांना सगळं स्पष्ट सांगितलं होतं, त्यांनी मला निम्मं सांगितलं, बाकीचं मी त्यांच्या हातांकडे बघून समजले. मुलीला कळवलंत का, असं विचारलं तर म्हणाले, तिची पुढची परीक्षा आहे, कन्सल्टंट व्हायची. झाली की सांगू.

मी म्हटलं, "काका, पुन्हा तेच?"

त्यांनी चष्मा मागितला, फोन मागितला आणि थर्ड बेसचा क्रम लावायला घेतला. एकेक नाव सरकवत होते, मध्येच थांबून दम घेत होते. लावून, लॉक करून फोन माझ्याकडे दिला. मामा तिसऱ्यावर होता. त्यांनी स्वतः ठेवला होता. तिला करायला काही शिल्लकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डात बसले होते तेव्हा मुलगी आली. यादीत मामा आधीच तिसऱ्यावर दिसल्यावर तिने ऑफिसात फोन करून हॉस्पिटलचा पत्ता काढला होता. अंगावर कामाचेच कपडे, गळ्यात ओळखपत्र, तेही उलटं. मी उठायला लागले तर काकांनी हाताने मला बसवलं. एकटं पडायची भीती वाटली असावी.

"बाबा, मामाला तुम्ही थर्ड का केला?" ती म्हणाली. "दॅट्स माय जॉब."

"कळवायचं होतं," काका म्हणाले. "या वेळी कळवलं."

ती पलंगाच्या कडेला बसली. "हो," ती म्हणाली, "कळला मला." आणि काकांच्या चष्म्याची काच आपल्या टॉपच्या टोकाने पुसत राहिली. काकूंचं नाव दोघांनी काढलं नाही. त्या मात्र तिथे होत्या, असं मला वाटलं. मला असलं काही कधी वाटत नाही.

मार्चमधला ड्राफ्ट बाप-लेकीने वॉर्डातूनच केला, मामासकट. एप्रिलमध्ये काका गेले.

त्यांच्या खुर्चीवर आता एक नवा मुलगा बसतो. विचार करताना पेन टेबलावर आपटायची त्याला सवय आहे. या फेब्रुवारीत त्या आवाजाला मी किती वेळा वळून बघितलं, विचारू नका. एकदा तो बिचारा सॉरी म्हणाला.

मग एका सकाळी मुलीचा फोन आला. आवाज दबलेला होता. तिने रविवारी क्रम लावला होता. आधी बाबांसारखा, आकड्यांवरून, आणि मग स्वतःसारखा, मामाला उचलून तिसऱ्यावर. आता दोन्ही कामं तिलाच करायची होती.

"ताई, आज बघितला तर मामा परत लास्ट आहे. तू टच केलंस का?"

मी नव्हतं केलं. माझ्याकडे पासवर्डही नाही. मला फक्त एवढं ठाऊक होतं की तिने क्रम लॉक केला नसणार, आणि आकडे बघणारी ती साइट रात्रभर जागीच असते. शब्द अगदी जिभेवर आले होते.

"बाबा आले होते," ती म्हणाली.

ती डॉक्टर आहे, मूर्ख नाही. तिलाही ते लॉक माहीत असणार. मी एवढंच विचारलं, मामाला पुन्हा वर घेणार का. पलीकडे हॉस्पिटलातली एक ट्रॉली खडखडत गेल्याचं ऐकू आलं.

"नको. त्यांनी ठेवलाय तर राहू दे."

ड्राफ्टच्या रविवारी मी घरी साइटचं पान उघडून बसले. मिरज जंक्शनची पाळी आली आणि मुलीने थर्ड बेसला आकड्यांप्रमाणे अगदी योग्य माणूस घेतला. मामा यादीच्या तळाशी राहिला, त्याला कुणीच उचललं नाही. इतक्या वर्षांत त्या संघाने पहिल्यांदाच शहाण्यासारखी निवड केली होती. काकांना ती मुळीच आवडली नसती.