मास्तर बरोबर म्हणाले

आमच्या गल्लीतल्या न्हाव्याला सगळे अंपायर म्हणायचे. क्रिकेटशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. संध्याकाळी टीव्हीवर शब्द-आकड्यांचा कार्यक्रम लागला की आम्ही त्याच्या दुकानात जमायचो, आणि कुणाचं उत्तर धरायचं, कुणाचं नाही, हे तो ठरवायचा. दिलेल्या अक्षरांतून मोठ्यात मोठा शब्द काढायचा, दिलेल्या आकड्यांची उलटापालट करून सांगितलेली संख्या गाठायची. खेळ एवढाच. पण भांडणं अशी, की वाटावं घराच्या वाटण्या चालल्यात.

शेजारी माझं चष्म्यांचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की मी तिथेच पडीक. खरी जुंपायची ती अंपायरची आणि मास्तरांची. मास्तर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, रोज दाढीला तिथेच. वेळ संपल्यावर कुणी अर्धा शब्द जरी बोललं, तरी अंपायर ओरडायचा, "बाद! उशिरा सुचलेलं घरी जाऊन बायकोला सांगा." आणि त्याचा आकडा चुकला की मास्तर साबणाच्या तोंडानेच त्याची पिसं काढायचे. नवी निवेदिका बरी की जुनी, यावरून दोघांनी एकदा अबोला धरला होता. दाढी मात्र त्या अबोल्यातही झाली.

मग अंपायर विसरायला लागला. आधी माझं नाव, मग दुकानाची किल्ली. एकदा तर स्वतःच्या घरासमोरून तसाच पुढे निघून गेला. हे आता वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाले. त्याची बायको, आमच्या वहिनी, माझ्याकडे आल्या. "हात अजून शाबूत आहेत त्यांचे. दुकान आहे तोवर ते आहेत. भावजी, त्यांना चुकलात म्हणू नका कुणी. तेवढं करा माझ्यासाठी."

आम्ही केलं. तो म्हणेल ते उत्तर धरायला लागलो. मला तो खोटेपणा सहन व्हायचा नाही, पण वहिनींचा चेहरा आठवला की मीही बरोबर म्हणायचो. मास्तर तर पडद्याकडे बघायचंच टाळायचे.

त्या संध्याकाळी मास्तरांचा एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. संख्या आली पाचशे पंचेचाळीस. आकडे होते सात, आठ, दहा, पाच, दोन, एक. अंपायरने वस्तरा बाजूला धरला, ओठ हलवले आणि लहान पोरासारखा खुलला. "सात आठे चौपन्न, गुणिले दहा, अधिक पाच. जमलं!"

"बरोबर," मास्तर म्हणाले. "शाब्बास."

तेवढ्यात टीव्हीवरची मुलगी बोलली. "सात आठे छप्पन्न, वजा एक पंचावन्न, गुणिले दहा, त्यातून पाच गेले."

कुणीतरी घाईने आवाज कमी केला. तीच आमची चूक. अंपायरने आरशातून मास्तरांकडे पाहिलं.

"मास्तर, सात आठे किती?"

"अरे, सोड ना आता."

"तुम्ही कधी सोडलं नाहीत मला. किती?"

"छप्पन्न."

"म्हणजे मी इतका गेलोय?"

मला रडू येत होतं आणि स्वतःची भयंकर चीड येत होती.

अंपायरने वस्तरा मिटला. टॉवेल घेऊन मास्तरांच्या गालावरचा फेस हळूच पुसला. "उरलेली दुसरीकडे करून घ्या."

"वेड लागलंय का तुला?" मास्तरांनी मान मागे टाकली, गळा त्याच्यापुढे केला. "कर. मी हलत नाही."

"तुम्हाला चालेल हो. पण मला चुकलास म्हणणारं आता कुणी राहिलं नाही. मी वस्तरा कुणाच्या भरवशावर धरू?"

मास्तर डोळे मिटून तसेच बसून राहिले. अंपायरने त्यांच्या अंगावरचं कापड काढलं, दारात जाऊन झटकलं, नीट घडी घातली आणि वहिनींना द्या म्हणून माझ्या हातात ठेवलं.