चिंगीचा हसरा फोटो

चिंगीची आई दिवसभर कपड्यांच्या कारखान्यात कॉलरी शिवायची आणि घरी चिंगीला आत्या सांभाळायची. आत्या म्हणजे आईची नणंद, बिनलग्नाची, आणि सांगायला वाईट वाटतं, पण स्वभावाने फार चांगली. खाष्ट असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

सव्वा वर्षाच्या पोरीला स्टुडिओत नेणं काही परवडणारं नव्हतं. म्हणून आईनं कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा स्वस्तात मिळवला आणि दर रविवारी खोलीचाच स्टुडिओ व्हायला लागला. पलंग खिडकीपाशी ओढायचा, मागे कपाटाच्या दारांवर पांढरी चादर अडकवायची, आणि सावलीच्या बाजूला चंदेरी कागद चिकटवलेलं खोकं उभं करायचं, म्हणजे गालावर उजेड परततो. सगळं झकास जमायचं, फक्त चिंगी हसायची नाही. आई टाळ्या पिटायची, मांजर व्हायची, कुत्रा व्हायची. कारखान्यातला तपासनीस उसवलेल्या शिवणीकडे बघतो तशी चिंगी तिच्याकडे बघत राहायची.

मग आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत यायची आणि आईच्या डोक्यामागे उभी राहायची. नुसती उभी, बरं का. की चिंगी खुदकन हसलीच. खटाक.

फोटो बघून शेजारणी म्हणायच्या, "आईला बघून कशी खुललीय पोर!" आई "हो ना" म्हणायची आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. नऊ महिने पोटात वाढवलं मी, आणि हसायचं मात्र हिच्यासाठी? तिला एकच फोटो हवा होता, आपल्यामागे कुणीही उभं नसताना काढलेला.

एका रविवारी तिनं आत्याला बाजारात पिटाळलं, तेही लांबच्या. दार लागलं, तशी चिंगी पलंगावरून सरपटत उतरली आणि रांगत दाराशी जाऊन बसली. दहा फोटो निघाले, दहाही पाठीचे.

खुंटीवर आत्याचा हिरवा स्वेटर होता. आईनं तो अंगात चढवला, आत्यासारखा बुचडा बांधला, चिंगीला परत पलंगावर बसवलं आणि चेहरा कॅमेऱ्याआड लपवला. लाज वाटली का? वाटली की. पण हात काही थांबले नाहीत. चिंगीनं वर पाहिलं आणि चारी दात दाखवून थेट कॅमेऱ्याकडे बघत हसली. खटाक. आईनं कॅमेरा खाली घेतला. चिंगीनं तिचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू मावळलं. रडली नाही, एवढंच.

आठवड्याभरात फोटो मोठा होऊन चौकटीत बसून आला. आत्यानं तो हातात घेतला आणि खिडकीपाशी उजेडात नेऊन न्याहाळला.

"मी घरात नव्हते ना तेव्हा?"

"नव्हतीस. बाजारात गेली होतीस."

"मला उगाच वाटायचं, वहिनी, की असं ती फक्त मला बघून हसते."

आत्याचा चेहरा पडला. तो असा पडलेला बघायची चिंगीच्या आईला किती दिवसांची आस होती, ते तिचं तिलाच ठाऊक. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलंही.

"मलाही तसंच वाटायचं," ती म्हणाली, आणि खिळा ठोकायला हातोडी शोधू लागली.