सम्यकच्या जागेवर

आमच्या नंदामावशीचा साकीनाक्याला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. तिचा एकुलता एक मुलगा सम्यक तिथंच पंचिंग मशीनवर बसायचा. बाकीच्यांसारखाच पगार घ्यायचा, त्याचा पीएफ पण भरायची मावशी. दिवाळीनंतर काविळीने गेला तो. तेव्हापासून मावशी डबा एकटीच खाते, कोणाला बोलवत नाय.

मोठी ऑर्डर आली म्हणून तिने दोन पोरी कामाला ठेवल्या. नवीन माणसं ठेवली की सरकार मालकाला मदत देतं असं ऐकलेलं, म्हणून हिशेब बघणाऱ्या धवलला बोलवलं.

धवल म्हणाला, "मावशी, माणसं दोन वाढली पायजेत. तुमचं एकच वाढलंय."

"डोळे फुटले काय रे? ह्या दोघी कोण मग?"

"गेल्या वर्षी पीएफमध्ये जेवढी माणसं होती, त्याच्यावर दोन लागतात ना. तेव्हा सम्यक होता. एक पोरगी त्याच्या जागेवरच धरणार ते."

"त्याच्या जागेवर मी कोणाला बसवलंच नाय."

"ते नुसती डोकी मोजतात, मावशी. अजून एक ठेवा, आणि तिघी सहा महिने टिकल्या पायजेत."

मदतीशिवाय पगार झेपणार नव्हते. मावशीने शीतलला ठेवली. पहिल्याच दिवशी शीतल रिकाम्या मशीनकडं गेली.

"इथं बसू काय?"

"नको गं. तू चिकटवायला बस."

पंचिंगला आता मावशी स्वतः बसते. मशीनचा आवाजच एवढा, की कोणी हाक मारली तरी तिला ऐकू जात नाय.