दौलूचं पाव लिटर

दौलतराव गेल्याचं मला कुणी येऊन सांगितलं नाही. समोरच्या दुकानातून पत्र्यावर पडणाऱ्या हातोडीचा आवाज सकाळी आला नाही, म्हणून मान वर केली, तर फळ्या बंद आणि दारात चपलांचा ढीग. कानडी मुलखातल्या ह्या शिवाजीनगरात आमच्या दोन दुकानांच्या मधे एक बैलगाडी अडकेल एवढी गल्ली. तेवढी गल्ली हा माणूस कित्येक वर्षं ओलांडून आला नाही, आणि न येताच गेला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावणार. चौथीत शाळा सोडलेल्याचं लिहिणं आहे, पुरवणीत छापायचं तर रागासकट छापा.

दुखवट्याला आमच्यातलेच एक शिकलेले गृहस्थ उठून म्हणाले, "बिचाऱ्याला लिटर काही कळलं नाही." कळलं नाही? लिटर नवीन आलं तेव्हा सरकारी तक्ता माझ्या तेलाच्या दुकानात लागला होता. दहा मिलिलिटरचं सेंटिलिटर, दहा सेंटिलिटरचं डेसिलिटर, दहा डेसिलिटरचं लिटर. मी तेल विकणारा, तो मापं करणारा, दोघं पोटासाठी पाठ करत बसायचो. दौलू विचारायचा, "रामण्णा, तीन डेसिलिटर म्हणजे मिलिलिटर किती?" मी बोटं मोजेपर्यंत स्वतःच ओरडायचा, "तीनशे! तू तेल वीक, तुझं काम नाही हे." कळलं होतं त्याला सगळं. पटलं नव्हतं.

सेर अर्धा करा, अर्ध्याचं अर्धं करा, पाव झाला. बायका मागायच्या तोही पावच. सरकारी मापांत पाचशे मिलिलिटरच्या खाली एकदम दोनशे, मग शंभर, पन्नास. अडीचशे नाहीच! पाव लिटर द्यायचं तर दोनशेचं माप ओता, वर पन्नासचं ओता. आणि आमच्याकडे माप ओतलं की वर थोडी धार जास्तीची सोडायची, त्याला कोसरू म्हणतात. ते पडल्याशिवाय गिऱ्हाईक हलत नाही. आता बायका म्हणायला लागल्या, "दोन मापं घातलीत, कोसरू पण दोन घाला की अण्णा!" मी डोकं धरून बसलेला, आणि समोर दौलू पोट धरून हसतोय. मग त्यानं सगळ्या गल्लीला पाव लिटरची मापं करून दिली. "घे. एकदा ओत, सुटलास. कोसरू आतच घातलंय."

मापं तपासणारा साहेब आला. पाणी भरून काचेच्या नळीत ओतलं. एक तर हे माप कायद्यात नाही, वर त्यात दोनशे साठ भरलेलं. "यारू माडिदु?" कुणी केलं हे, म्हणून कन्नडात गरजला. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत दौलू हातोडीसकट गल्ली ओलांडून आला. "मी केलं साहेब. वरचं दहा मिलिलिटर, म्हणजे एक सेंटिलिटर, ते कोसरू. चुकून नाही पडलं, मोजून घातलंय."

"कायद्यात कोसरू नाही," साहेब म्हणाला, आणि दौलूच्याच हातातली हातोडी घेऊन माझ्या पायरीवर ती मापं चेपली. एकेक करून... माप करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत.

मी कारखान्यातली शिक्क्याची मापं आणली. आणणारच! दुकान चालवायचं होतं. ती दारात टांगलेली बघून दौलू म्हणाला, "ते दोनशेचं तिथं लोंबतंय तोवर मी येत नाही." मी म्हटलं, "सरी, ठीक आहे, नको येऊस." त्यानंतर माझ्याकडे पाठ करून तो बादल्या आणि नरसाळी ठोकत बसला. घरचं तेल दुसऱ्या गल्लीतून आणायला लागला. आधी आम्ही रोज एक कॉफी दोघांत अर्धी अर्धी प्यायचो. पुढं मी अख्खी प्यायला लागलो, आणि एकही दिवस ती गोड लागली नाही. अरे, मापाशी भांडण होतं ना तुझं? मी काय कायदा लिहिला होता? निदान शिव्या द्यायला तरी यायचंस...

परवा त्याची बायको, यमुनाक्का, गल्ली ओलांडून आली. पदराखालून तिनं पत्र्याचं माप काढून पुढं ठेवलं. एक वाचलं होतं, मला ठाऊक नव्हतं.

"पाव लिटर घाला अण्णा. घरात ह्यातच तेल ठेवायचे ते."

मी दोनशे ओतलं. पन्नास ओतलं. माप भरलं नाही. काठाखाली नखाएवढी जागा मोकळी राहिली. अक्का हलली नाही.

"मेलास तरी सोडत नाहीस, दौल्या," म्हणत मी धार सोडली.

आता ती तेच माप घेऊन येते. दर खेपेला मी दोनशे ओततो, पन्नास ओततो, आणि दात-ओठ खात वरची जागा भरून देतो.