शून्य होईपर्यंत

डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा सोडला आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला सांगितलं, "मैडम का बीपी ट्रैफिक में बढ़ रहा है. इनकी गाड़ी छुड़वाइए." हात माझा, बीपी माझं, गाडी माझी, आणि सल्ला नवऱ्याला! निम्मं बीपी तर तिथेच चढलं असेल.

निमित्त मात्र मीच दिलं होतं. महूहून इंदुरात सियागंजच्या ऑफिसला मी चौदा वर्षं स्कूटरने जाते. त्या दिवशी भंवरकुआंच्या चौकात एका कारवाल्याशी कडाकडा भांडून, हातगाड्या आणि लोडिंग रिक्षांमधून वाट काढत ऑफिसात पोचले. हजेरीच्या रजिस्टरवर सही करायला गेले तर हात इतका थरथरत होता की उमटलेली सही माझी वाटेचना. मी घाबरले. खोटं कशाला बोलू?

घरी नवऱ्याने फैसला सुनावला. एक महिना बघायचं. पुढच्या तपासणीत बीपी उतरलं नाही तर स्कूटर विकायची. मग व्हॅनने जा, नाहीतर नोकरी सोड.

माझा तिळपापड झाला. व्हॅनचे दिवस मी काढलेत. चौघींच्या जागेत सात जणी कोंबलेल्या, आणि कधी पोचायचं ते ड्रायव्हर ठरवणार. त्याआधी माहेरी असताना कुठे जायचं झालं की भावाची मनधरणी. ही स्कूटर माझ्या पगारातून घेतलेली. कुणालाही न विचारता घराबाहेर पडणं म्हणजे काय, ते मला तिने शिकवलं. ती मी देणार नव्हते.

पण करायचं काय? इंदूरचा ट्रॅफिक मी सुधारणार थोडीच! आमच्या शहराची गंमत अशी की चॉकलेटचा कागद टाकायला माणसं कचऱ्याचा डबा शोधत फिरतील, पण एवढा मोठा लाल दिवा त्यांना दिसत नाही. सिग्नलवर सेकंदांचे उलटे आकडे पळत असतात. पंधरा उरले की मागून हॉर्न सुरू, दहा उरले की अर्धा चौक पार. मीही काही संत नव्हते. चौदा वर्षं मीसुद्धा पुढचं चाक घुसवत होते, हॉर्न दाबून धरत होते, तोंड चालवत होते.

फैसल्यानंतर आठवडाभरात भंवरकुआंलाच मी पहिल्या रांगेत होते. बारा उरले होते. मागच्या बाइकवाल्याने हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. "बढ़ाओ ना मैडम, सो गईं क्या?"

मी चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं.

शांत वगैरे होण्यासाठी नाही. निव्वळ खुन्नस म्हणून. मागे वळून इंदुरी थाटात म्हटलं, "भिया, अभी बारह बाकी हैं." तो काय काय बोलला ते लिहीत नाही. दोन्ही बाजूंनी गाड्या निघाल्या, एक आरसा माझ्या कोपराला घासून गेला. माझे पाय मात्र पांढऱ्या पट्टीच्या अलीकडेच होते. माझे आजोबा महूच्या छावणीत फौजी होते. हुकूम आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हे आम्ही नातवंडं त्यांच्याकडून ऐकतच मोठी झालो. तेव्हा हसायचो. त्या दिवशी शून्य झालं, हिरवा लागला आणि मी निघाले.

मग रोज तेच. लाल दिसला की इंजिन बंद, हिरव्यालाच चालू. मागचे ओरडतात तेव्हा मी पाण्याची बाटली काढते. थांबायला लागल्यावर कळलं की माझे खांदे महूपासूनच कानांपर्यंत चढलेले असतात. ते खाली घेते. कुणी फारच बोंबलला तर आकडे मोठ्याने मोजते. ऑफिसला सात-आठ मिनिटं उशिरा पोचते, पण सही माझीच येते.

महिना संपला. दवाखाना इंदुरात, नवऱ्याची बाइक दुरुस्तीला, म्हणून तो माझ्या मागे बसला. भंवरकुआंला मी इंजिन बंद केलं तसा तो कानाशी आला. "अगं, सगळे निकलले ना, तू का रुकली?"

"लाल आहे."

"लोक बघतायत."

"बघू दे."

पूर्ण वेळ तो अंग चोरून बसला होता.

डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली. बीपी उतरलं होतं, पण हवं तेवढं नाही. इतका हट्ट करूनही नाही! मला रडूच येणार होतं. डॉक्टरांनी पुन्हा नवऱ्याकडे बघितलं, पण या वेळी मी आधी बोलले. "डॉक्टर साहब, मुझसे बात कीजिए. गोली बढ़ाना हो तो बढ़ाइए. गाड़ी नहीं बिकेगी." डॉक्टरांनी गोळी लिहून दिली.

परतताना पुन्हा तोच चौक, पुन्हा लाल. मी इंजिन बंद केलं. अकरा उरले होते तेव्हा मागची कार हॉर्न वाजवू लागली. मी वळणार, तोच पाठीमागे हालचाल जाणवली. नवरा सीटवरून अर्धा वळला होता.

"भिया, अभी ग्यारह बाकी हैं," तो म्हणाला. "मैडम नहीं हिलेंगी."

मी बाटली काढली, दोन घोट प्यायले आणि उरलेलं पाणी त्याला दिलं.